चढावर दम लागणारी गाडी : ईजीआर व्हॉल्व्हच्या एका बिघाडाचा प्रकरण अभ्यास

मोटार २०१७ सालची, बीएस ४ (भारत स्टेज ४) या प्रदूषण मानकाची, साडेबाराशे सीसीच्या आसपासचे चार सिलिंडरचे कॉमन रेल डिझेल इंजिन असलेली आणि १,१२,००० किलोमीटर धावलेली होती. मालक बेळगावच्या वडगावचे, यंत्रमागाचा व्यवसाय असलेले, साठी ओलांडलेले गृहस्थ. रोजचा प्रवास घर, माग, शहापूरची पेठ आणि पुन्हा घर असा तीन-चार किलोमीटरच्या फेऱ्यांचा. महिन्यातून एकदा मुलीकडे गोव्याला जांबोटी, कणकुंबी आणि चोर्ला घाट या मार्गाने. ही दोन्ही माहिती मी कामाच्या वहीत पहिल्याच दिवशी लिहिली होती, परंतु तिचे महत्त्व मला उशिरा कळले, आणि या लेखाचे कारण मुख्यतः तेच आहे.

मार्च महिन्यात गाडी उद्यमबागेतील माझ्या गॅरेजमध्ये आली, तेव्हा तक्रारी चार होत्या. सिग्नलला थांबल्यावर इंजिन थरथरत असे आणि आरपीडी चौकात ते दोनदा बंद पडले होते. अ‍ॅक्सिलरेटर दाबताच मागून काळा धूर येत असे. ॲव्हरेज लिटरला १९ वरून साडेचौदावर आले होते. चौथी तक्रार मालकांनी स्वतःच्या शब्दांत सांगितली, ती तशीच देतो. "मेस्त्री, चोर्ल्याच्या वळणावर गाडीनं अंगच टाकलं. मागनं ट्रक आणि शेजारी दरी. घरची मंडळी सोबत होती. काय करायचं ते करा, पण तिथं परत असं व्हायला नको." गाडीच्या बिघाडाला आपण कारागीर लोक पुष्कळदा केवळ ॲव्हरेजचा आणि पिकअपचा प्रश्न समजतो; घाटात अर्धवट ताकदीने चढणारी गाडी हा मात्र माणसांच्या जिवाचा प्रश्न असतो, म्हणून हे काम मी घाईने करायचे नाही असे ठरवले होते.

त्याआधी दुसऱ्या एका गॅरेजमध्ये एअर फिल्टर बदलला गेला होता, ऑइल बदलले गेले होते आणि इंजेक्टर काढून साफ केले गेले होते. इतके करूनही फरक न पडल्यामुळे तेथे शेवटचा उपाय म्हणून ईजीआरला, म्हणजे जळका वायू पुन्हा इंजिनात घेण्याच्या (एक्झॉस्ट गॅस रिसर्क्युलेशन) व्यवस्थेला, "प्लेट मारून टाका" असा सल्ला देण्यात आला होता. या सल्ल्याकडे पुढे येईन.

ईजीआर व्हॉल्व्हचे काम नेमके काय असते, ते समजल्याशिवाय बिघाडाची लक्षणे जुळत नाहीत. हवेत सुमारे ७८ टक्के नायट्रोजन असतो आणि एरवी तो कशातही भाग घेत नाही. मात्र सिलिंडरमधील ज्वलनाचे तापमान साधारण १,५०० अंश सेल्सिअसच्या वर गेले की तोच नायट्रोजन ऑक्सिजनशी संयोग पावतो आणि नायट्रोजनची ऑक्साइडे तयार होतात. डिझेल इंजिनात हवा नेहमीच जास्त असल्यामुळे या संयोगाला ऑक्सिजनची वाण नसते. म्हणून जळून बाहेर चाललेल्या वायूचा काही भाग, बहुतेक गाड्यांत पाण्याच्या कुलरमधून थंड करून, पुन्हा आत येणाऱ्या हवेत मिसळला जातो. या वायूत ऑक्सिजन कमी आणि कार्बन डायऑक्साइड व पाण्याची वाफ जास्त असल्यामुळे ज्वलन मंदावते, उष्णता शोषली जाते आणि तापमानाचा कळस खाली येतो. किती वायू परत घ्यायचा हे इंजिनचा कॉम्प्युटर, म्हणजे ईसीयू, ठरवतो. इंजिन गरम झाल्यावर आयडलिंगला, म्हणजे गाडी उभी असून इंजिन नुसते चालू असताना, आणि हलक्या भारावर व्हॉल्व्ह उघडा असतो, तर पूर्ण भारावर, म्हणजे घाट चढताना किंवा ओव्हरटेक करताना, तो बंद असायला हवा, कारण त्या वेळी इंजिनला स्वच्छ हवेची गरज सर्वांत जास्त असते.

यावरून व्हॉल्व्ह बंद स्थितीत अडकला आणि उघड्या स्थितीत अडकला, तर लक्षणे अगदी वेगळी का दिसतात हे लक्षात येईल. बंद अडकलेला व्हॉल्व्ह चालकाला बहुधा जाणवतच नाही. डॅशबोर्डवर चेक इंजिनचा दिवा लागतो, पण गाडी ओढते, कदाचित थोडी जास्तच. उघडा अडकलेला व्हॉल्व्ह मात्र आयडलिंगला इंजिन हलवतो, चढावर ताकद काढून घेतो आणि काळा धूर आणतो, कारण हवेच्या जागेवर जळका वायू बसलेला असतो आणि डिझेलला पुरेसा ऑक्सिजन मिळत नाही. वडगावच्या गाडीची लक्षणे दुसऱ्या प्रकारची होती.

स्कॅनर लावल्यावर दोन कोड मिळाले. पी०४०२ म्हणजे ईजीआरचा प्रवाह गरजेपेक्षा जास्त आणि पी०४०४ म्हणजे व्हॉल्व्हची हालचाल अपेक्षित मर्यादेबाहेर. येथे बरेचजण थांबतात आणि नवीन व्हॉल्व्हची ऑर्डर देतात. कोड हा पार्टचे नाव सांगत नाही, तो ईसीयूला काय वेगळे दिसले तेवढेच सांगतो; व्हॉल्व्ह अडकला असेल, त्याची वायर तुटली असेल, पोझिशन सेन्सर चुकीचे सांगत असेल किंवा हवा मोजणारा सेन्सर मळला असेल, तरी यांतला एखादा कोड येऊ शकतो. म्हणून आम्ही इंजिन चालू ठेवून लाइव्ह डेटा पाहिला. ईसीयूचा हुकूम शून्य टक्के उघडण्याचा असताना व्हॉल्व्हची प्रत्यक्ष स्थिती १८ टक्के दिसत होती. कनेक्टरवरचे व्होल्टेज आणि अर्थिंग मल्टिमीटरने तपासले, ते बरोबर होते.

दुसरा पुरावा हवेच्या मापाचा. या इंजिनचा एक सिलिंडर एका लिटरच्या तिसऱ्या हिश्शाहून थोडा लहान आहे. बेळगाव समुद्रसपाटीपासून साधारण ७५० मीटर उंचीवर असल्यामुळे येथे हवा गोव्याच्या किनाऱ्यापेक्षा विरळ असते, आणि उन्हाळ्याच्या सकाळी एक लिटर हवेचे वजन ढोबळमानाने १.०८ ग्रॅम धरता येते. म्हणजे सिलिंडर अगदी काठोकाठ भरला तरी एका स्ट्रोकला ३३५ मिलिग्रॅमच्या आसपास हवा येणार, आणि सिलिंडर काठोकाठ कधीच भरत नाही हे लक्षात घेता ३०० चे माप समाधानकारक म्हणायला हवे. स्कॅनरवर १९० दिसत होते. उरलेली जागा जळक्या वायूने घेतली होती. याच ठिकाणी एक गोष्ट नव्या मुलांसाठी नोंदवून ठेवतो: इग्निशन चालू आणि इंजिन बंद असताना मॅनिफोल्ड (सिलिंडरांना हवा वाटून देणारी नळी) प्रेशरचा सेन्सर बेळगावात ९२५ मिलिबारच्या आसपास दाखवतो. पुस्तकात १,०१३ लिहिले आहे म्हणून येथे कोणी सेन्सर बदलू नये. तो सेन्सर खरे तेच सांगत असतो.

बॅटरीची निगेटिव्ह वायर सोडून आणि इंजिन पूर्ण थंड झाल्यावर व्हॉल्व्ह उतरवला. त्याचे दोन बोल्ट जाम होते. त्यांवर जोर न करता गंज सोडवणारे तेल मारून ते रात्रभर ठेवले आणि सकाळी ते सहज फिरले. आतले दृश्य सांगण्यासारखे होते. व्हॉल्व्हच्या दांड्याभोवती डांबरासारखी काळी, ओलसर, चकाकती काजळी बसली होती आणि बोट लावल्यावर ती बोटाला चिकटून तारेसारखी ओढली जात होती. दांडा शेवटच्या दोन मिलिमीटरमध्ये खाली बसत नव्हता. व्हॉल्व्हची मोटर आणि सेन्सर असलेला भाग वर धरून, खालच्या धातूच्या भागावर क्लीनर मारून आणि पितळी ब्रशने घासून तो साफ केला. व्हॉल्व्ह आख्खा क्लीनरमध्ये बुडवण्याची चूक पुष्कळ ठिकाणी होते. त्यामुळे आतली मोटर खराब होते आणि साफ केलेला व्हॉल्व्ह दोन दिवसांत बंद पडतो. दांडा स्क्रू-ड्रायव्हरने दाबून हलवणेही टाळावे, कारण आतले प्लॅस्टिकचे गिअर तुटतात. नवीन गॅस्केट टाकून व्हॉल्व्ह बसवला, स्कॅनरने त्याची शून्य स्थिती ईसीयूला पुन्हा शिकवली, कोड पुसले. हुकूम शून्य असताना स्थिती शून्य आली, हवेचे माप ३०४ आले, आयडलिंग स्थिर झाले. मालकांना गाडी दिली आणि नवीन व्हॉल्व्हचे साडेचौदा हजार रुपये वाचल्याचे समाधान दोघांनाही झाले.

तेविसाव्या दिवशी गाडी परत आली. चेक इंजिनचा दिवा लागलेला होता, कोड पी०४०४ होता.

येथे माझी चूक स्पष्टपणे लिहिणे मला आवश्यक वाटते. व्हॉल्व्ह अडकला होता हे मी पुराव्याने सिद्ध केले, परंतु तो इतका ओला का काळवंडला होता, हा प्रश्न मी स्वतःला विचारलाच नाही. कोरडी, भुरभुरीत काजळी डिझेल इंजिनात असणारच. ओली काजळी म्हणजे तिच्यात ऑइल मिसळले आहे आणि इंजिनात धूरही नेहमीपेक्षा जास्त तयार होतो आहे. शिवाय मी गाडी आयडलिंगला तपासली, भाराखाली तपासली नाही. तक्रार घाटातली होती आणि तपासणी गॅरेजच्या सपाट फरशीवरची होती.

दुसऱ्या वेळी व्हॉल्व्ह काढल्यावर त्याच्या सीटवर, म्हणजे बंद होताना तो जेथे टेकतो त्या बैठकीवर, जोंधळ्याच्या दाण्याएवढी कडक खपली अडकलेली मिळाली. ती व्हॉल्व्हची नव्हती; कुलरकडून येणाऱ्या पाइपमध्ये साचलेला थर, जो मी पहिल्या वेळी तसाच ठेवला होता, सुटून तेथे आला होता. इनटेक मॅनिफोल्ड उतरवला, तर त्याच्या तोंडाशी हवेची वाट जवळजवळ निम्मी बुजलेली होती.

मग गाडी भाराखाली चालवून पाहिली. व्हॉल्व्ह, पाइप आणि मॅनिफोल्ड तात्पुरते जोडून आम्ही राष्ट्रीय महामार्गाने काकतीच्या पुढे वंटमुरी घाटापर्यंत गेलो. मी गाडी चालवत होतो आणि माझा सहकारी शेजारी बसून आकडे लिहीत होता. तिसऱ्या गिअरमध्ये चढावर पूर्ण अ‍ॅक्सिलरेटर दिल्यावर ईसीयूला टर्बोकडून, म्हणजे हवा दाबून इंजिनात भरणाऱ्या पंख्याकडून, २,१०० मिलिबारच्या आसपास दाब हवा होता आणि मिळत होता १,६८० च्या आत. ईजीआर त्या वेळी पूर्ण बंद होता, म्हणजे हा दोष व्हॉल्व्हचा नव्हता. खिडकी उघडल्यावर बॉनेटच्या डाव्या बाजूने हवेचा सीत्कार ऐकू येत होता.

टर्बोपासून इंटरकुलरकडे (दाबलेली हवा थंड करणाऱ्या जाळीकडे) जाणाऱ्या रबरी होजच्या खालच्या बाजूस, वरून पाहिल्यास अजिबात न दिसणाऱ्या जागी, तळहाताएवढा तेलकट डाग होता. त्या डागावर जांबोटी रस्त्याची तांबडी धूळ बसून घट्ट झाली होती, आणि धुळीच्या बरोबर मधोमध चंद्रकोरीसारखी एक स्वच्छ काळी रेघ होती. आतून जोराने बाहेर पडणारी हवा तेवढ्याच जागेवर धूळ बसू देत नव्हती. होज हाताने वाकवल्यावर ती रेघ उघडली आणि अडीच सेंटिमीटर लांबीची चीर दिसली. इतक्या वर्षांच्या कामात बिघाडाने आपला पत्ता इतक्या ठळकपणे लिहून ठेवलेला मी क्वचितच पाहिला आहे.

या एका चिरेतून पुढचे सगळे समजते. हवा मोजणारा सेन्सर टर्बोच्या आधी असतो. टर्बो हवा ओढतो, सेन्सर ती मोजतो, ईसीयू तेवढ्या हवेच्या हिशेबाने डिझेल सोडतो. परंतु मोजलेल्या हवेचा काही भाग चिरेतून बाहेर निघून जातो आणि सिलिंडरमध्ये डिझेल हवेच्या मानाने जास्त होते. परिणाम काळा धूर. तो धूर ईजीआरमधून परत आत येतो, कुलरच्या पाइपमध्ये आणि मॅनिफोल्डमध्ये थर देतो, आणि शेवटी व्हॉल्व्ह अडकवतो. आयडलिंगला टर्बोचा दाब नगण्य असल्यामुळे चीर मिटलेली राहते आणि हवेचे माप निर्दोष दिसते; म्हणूनच माझे ३०४ चे माप खरे असूनही अपुरे होते.

ऑइलचे काय, हा भाग उरला होता. डिपस्टिकवर ऑइलची पातळी कमाल खुणेच्या सुमारे एक सेंटिमीटर वर होती. मागील वेळी ऑइल बदलताना ते जास्त भरले गेले असावे. ऑइलला डिझेलचा वास नव्हता, म्हणून इंजेक्टर गळत असल्याची शंका सोडली. ऑइल भरण्याचे झाकण काढून पाहिले तेव्हा वाफ जोराने फुसफुसत नव्हती, म्हणजे पिस्टन रिंग ठीक होत्या. रेडिएटरच्या टाकीतील पाणी कमी होत नव्हते, त्यामुळे ईजीआर कुलर आतून गळत नाही हेही ठरले. पातळी जास्त असली की ब्रीदरच्या (इंजिनातली वाफ बाहेर सोडणाऱ्या) नळीतून ऑइलचे बारीक कण इनटेकमध्ये जातात, काजळीला चिकटतात आणि तिचे डांबर करतात. त्यात या गाडीच्या तीन-चार किलोमीटरच्या फेऱ्या. इंजिन धड गरम होण्याआधीच बंद होत असल्यामुळे पाइपच्या भिंती थंड राहतात आणि वायूतील न जळलेले इंधन व ऑइलची वाफ त्यांच्यावरच गोठते. पहिल्या दिवशी वहीत लिहिलेली ती ओळ येथे उपयोगी पडली.

दुरुस्ती अशी झाली. होज नवीन टाकला. जास्तीचे ऑइल काढले. ॲल्युमिनियमचा मॅनिफोल्ड आणि कुलरचा पाइप रात्रभर डिझेलमध्ये ठेवून, लाकडी पट्टीने खरवडून, साबणाच्या गरम पाण्याने धुऊन आणि हवेने वाळवून घेतला. अशा वेळी काही ठिकाणी कॉस्टिक सोडा वापरतात. लोखंडाला तो चालतो, ॲल्युमिनियमला मात्र तो खातो आणि गॅस्केटची बैठक बिघडवतो. खरवडलेली काजळी आणि वापरलेले डिझेल आम्ही डब्यात भरून वापरलेल्या ऑइलसोबत दिले. गटारात ओतलेले असे पाणी अखेर बळ्ळारी नाल्याला मिळते आणि तो नाला वडगाव-शहापूरच्या शिवारातून जातो. ज्या मालकाची गाडी आम्ही धूत होतो, त्यांच्या भाऊबंदांची शेते तेथेच आहेत. जुना व्हॉल्व्ह पुन्हा साफ करून तोच बसवला. होज, गॅस्केट आणि ऑइल मिळून तीन हजार आठशे रुपये लागले. दुसऱ्या वेळची मजुरी मी घेतली नाही, कारण ते काम पहिल्याच वेळी व्हायला हवे होते.

वंटमुरी घाटात पुन्हा चाचणी घेतली, तेव्हा हवा असलेला आणि मिळणारा दाब यांतला फरक ६० मिलिबारच्या आत होता. एमिशन टेस्टमध्ये धुराची घनता आधी ६१ हार्टरिज एकक आली होती, ती २४ आली. बीएस ४ डिझेल गाडीसाठी मर्यादा ५० आहे.

आता प्लेटचा विषय. व्हॉल्व्ह आणि पाइप यांच्यामध्ये पत्रा टाकून वाट बंद करण्याची पद्धत आपल्या भागात सर्रास आहे, आणि ती सुचवणारे बहुतेक लोक वाईट हेतूने सुचवत नाहीत. ग्राहकाचा खर्च वाचावा एवढाच त्यांचा विचार असतो. या गाडीला प्लेट टाकली असती तर आयडलिंग सुधारले असते, धूरही कमी झाला असता, आणि होजची चीर तशीच राहून गाडी चोर्ला घाटात पुन्हा कमी ताकदीने चढली असती. प्लेटने लक्षण झाकले असते. त्याहून गंभीर गोष्ट अशी की प्लेट टाकलेली गाडी एमिशन टेस्ट अधिक सहज पास होते, कारण डिझेल गाडीच्या नेहमीच्या चाचणीत फक्त धुराची घनता मोजली जाते, नायट्रोजनची ऑक्साइडे मोजली जात नाहीत. ती दिसत नाहीत, पण श्वासनलिकेला त्रास देतात आणि उन्हात इतर वायूंशी मिसळून जमिनीलगत ओझोन तयार करतात. कर्नाटकातले एमिशन सर्टिफिकेट असो की सीमेपलीकडचे महाराष्ट्रातले पीयूसी, दोन्ही केंद्रीय मोटार वाहन नियम १९८९ मधील ११५ व्या नियमाखालीच दिली जातात, त्यामुळे या बाबतीत इकडे आणि तिकडे फरक नाही. प्रदूषणाच्या मानकांचे उल्लंघन करणारी गाडी चालवल्यास मोटार वाहन कायद्याच्या कलम १९० (२) नुसार २०१९ च्या दुरुस्तीनंतर दहा हजार रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. बीएस ६ गाडीत तर हा उपाय मुळीच करू नये. तेथे डीपीएफ (धुरातली काजळी अडवणारा फिल्टर) आणि बाकीचे सेन्सर एकमेकांच्या आकड्यांवर अवलंबून असतात आणि एक वाट बंद केली की सगळा हिशेब चुकतो.

मालकांना गाडी देताना वापरात दोन बदल सांगितले. शहापूरच्या पेठेतल्या फेऱ्यांसाठी घरातली स्कूटर वापरावी, आणि आठवड्यातून एकदा गाडी हत्तरगीपर्यंत नेऊन आणावी, इंजिन गरम झाल्यावर दोन-तीन वेळा चढावर मोकळेपणाने ओढू द्यावी. त्यांनी दुसरी गोष्ट मान्य केली; स्कूटरच्या बाबतीत "पाठ दुखते मेस्त्री" एवढेच म्हणाले, आणि ते कारण खरे असल्यामुळे मी आग्रह धरला नाही. त्याऐवजी दर १०,००० किलोमीटरला व्हॉल्व्ह काढून पाहायचा, असे ठरले.

ती पहिली पाहणी डिसेंबरमध्ये झाली. त्या वेळी गाडी ९,७०० किलोमीटर अधिक धावलेली होती आणि मध्ये चार वेळा चोर्ला घाट चढून आली होती. ॲव्हरेज साडेअठरा मिळत होते. व्हॉल्व्हच्या दांड्यावर करड्या रंगाचा कोरडा, पातळ थर होता, जो कापडाने पुसताच निघाला. सीट स्वच्छ होती. हुकूम आणि प्रत्यक्ष स्थिती यांत एका टक्क्याहून जास्त फरक नव्हता. व्हॉल्व्ह तोच जुना होता. आम्ही फक्त गॅस्केट बदलून तो पुन्हा बसवला.